बोलता येईल इतक्याच वेगाने

अण्णा, तुमची आणि माझी एक तक्रार सारखीच आहे, आणि ती आधी मांडते, कारण तक्रार मांडल्याशिवाय मला बोलायला सुरुवातच करता येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. आपल्या दोघांशीही आता कुणी मराठी बोलत नाही. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, आईला सहा. धाकटा भाऊ अजून मला अक्का म्हणतो, पण त्यापुढचं वाक्य कन्नडमध्ये सुरू होतं आणि इंग्रजीत संपतं. बाहेर कन्नड, उंबऱ्याच्या आत मराठी, असं करत आपल्या माणसांनी या गावात जी भाषा पिढ्यान्‌पिढ्या टिकवली, ती आता बसवनगुडीतल्या या घरात माझ्या एकटीच्या तोंडात उरली आहे. दिवसभर मी कन्नडमध्ये भांडते, कन्नडमध्ये अर्ज लिहिते, संध्याकाळी दार उघडून आत येते आणि दिवा लावताना लक्षात येतं, की आता कुठल्याच भाषेत बोलायचं काही कारण नाही. म्हणून रविवारी सकाळी डोंगर चढताना, पळता पळता, मी मोठ्याने मराठी बोलते. तुमच्याशी. हसू नका, तिथला नियमच तसा आहे.

चौपन्नाव्या वर्षी मी बेचाळीस किलोमीटर पळायची तयारी करते आहे. साखर वाढली म्हणून डॉक्टरीणबाईंनी रोज अर्धा तास चालायला सांगितलं, आणि मी त्याच आठवड्यात मॅरेथॉनला नाव दिलं. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, हिला एक पायरी कधी दिसत नाही, एकदम गच्चीच दिसते. चार महिन्यांचं वेळापत्रक आहे. रविवारी लांब पळायचं, दर वेळी थोडं जास्त. आणि शर्यतीच्या वाटेवर चढउतार फार, म्हणून बहुतेक रविवारी गावाबाहेर, नंदी बेट्टाच्या डोंगराचा घाट. आमचे कोच कमी बोलणारे गृहस्थ आहेत. पहिल्याच दिवशी त्यांनी एवढंच सांगितलं, "माताड्ता ओडी." बोलत बोलत पळा. लांब पळताना वेग घड्याळावर ठरवायचा नाही. शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. वाक्य मध्ये तुटायला लागलं, की समजायचं आपण झेपेल त्यापेक्षा जोरात चाललोय. मग हळू व्हायचं. तरीही तुटलं, तर सरळ चालायला लागायचं. या नियमासाठी सगळे जोडीजोडीने पळतात. माझ्याशी जोडी करायला कुणी आलं नाही. वयामुळे असेल, किंवा मला एखाद्या कारखान्याच्या गेटसभेत ऐकलेल्या कुणीतरी बाकीच्यांना सावध केलं असेल. पहिल्या रविवारी मी रस्त्याकडेच्या निलगिरींना वेतनवाढीवर भाषण दिलं. दुसऱ्या रविवारी तोंड उघडलं आणि भाषणाऐवजी "अण्णा" आलं.

मग एक मुलगी आली. पुण्याची, महादेवपुऱ्यात संगणकाच्या कंपनीत कामाला, वय असेल सत्तावीस. मागून पळत येताना तिने मला एकटीच बोलताना ऐकलं आणि शेजारी येऊन म्हणाली, "काकू, तुम्ही मराठी? आणि हे फोनवर चाललंय की असंच?" मी म्हटलं, असंच. तिला आपली भाषा ऐकून मजा वाटायची. म्हणायची, तुमचं मराठी म्हणजे ऐतिहासिक नाटकात कन्नड पाहुणा आल्यासारखं. मी "बरं, जरा थांब"ऐवजी "सरी, स्वल्प थांब" म्हटलं की ती तेच माझ्या चालीत म्हणून दाखवायची. सहा रविवार आम्ही बरोबर पळलो. तिने मला पळताना खजूर कधी खायचा ते शिकवलं; मी तिला ज्येष्ठमधाची काडी दिली, तुम्ही मला द्यायचात तशी. तिच्या बोलण्यातून मला कळत गेलं, की या शहरात तीन वर्षं राहून तिला नावाने हाक मारणारा माणूस एकच होता, तिच्या इमारतीचा वॉचमन. मी ऐकत होते. खरंच ऐकत होते अण्णा, कारण चढावर मला दुसरं काही करता येत नव्हतं.

सहाव्या रविवारी घाटाच्या मधल्या वळणांवर ती माझ्यापुढे दोन पावलं होती. तरुण छाती, बोलत बोलत चढत होती. सगळं सोडून पुण्याला परत जायचं ठरवतेय, म्हणाली. घरचे लग्नाचं बघतायत, इथे कुणासाठी राहायचं? आणि मागे न बघता विचारलं, "बरोबर करतेय ना मी, काकू?" माझ्याकडे उत्तर तयार होतं. जाऊ नकोस. थकलीस म्हणून घेतलेला निर्णय हा निर्णय नसतो. तुला इथे कुणी नाही म्हणतेस, तर मी आहे. ज्या बाईने कारखान्यांच्या दारात भोंग्याच्या वर आवाज चढवला, तिला ही तीन वाक्यं छातीतून वर आणता येईनात. चढ कडक होता, घशात हवा खरखरत होती, मी खाली डांबराकडे बघत फक्त पाय टाकत राहिले. वर पोचेपर्यंत ती इतरांत मिसळली होती. म्हटलं, पुढच्या रविवारी निवांत सांगू. पुढच्या रविवारी ती आली नाही, तिचा निरोप आला. "काकू, मी पुण्यात पोचले. त्या दिवशी तुम्ही काहीच बोलला नाहीत ना, तुमच्यासारखी बाई गप्प राहिली म्हणजे तिला पटलंच असणार. त्यानेच धीर आला." मी तिला सगळं खरं लिहिलं, लांबलचक. तिने उत्तर म्हणून एक हसरा चेहरा पाठवला.

तो निरोप मी घाटाच्या पायथ्याशी वाचला आणि एकटीच चढायला लागले. बोलायला कुणी नव्हतं, तुमच्याशीही बोलवेना. मधल्या वळणावर, जिथे तिने विचारलं होतं तिथेच, मला आपला रविवार आठवला आणि मी पळायची थांबले.

तोच, वीस वर्षांपूर्वीचा रविवार. आपण ब्यूगल रॉकवर चढतो आहोत. झाडांना वटवाघळं उलटी लटकलेली, खाली देवळात घंटा वाजते आहे. तो कसला डोंगर, दहा मिनिटांचा खडक. पण दर रविवारी तुम्ही माझ्याबरोबर येता. मी पुढे, तुम्ही मागे दोन पायऱ्या. मी बोलते आहे, नेहमीसारखी. मी सांगते आहे, की बँकेची नोकरी सोडते, होसकोट्याकडच्या शिलाई कारखान्यांतल्या बायकांमध्ये पूर्णवेळ काम करते, अर्ज लिहून तयार आहे. मी विचारते, "तुमचं काय म्हणणं, अण्णा?" तुम्ही काही बोलत नाही. मी एक पायरी चढते, दुसरी चढते. तुम्ही काही बोलत नाही. मग मी पुढच्या मुद्द्याकडे वळते.

सोमवारी मी राजीनामा दिला. त्यानंतर प्रत्येक मोठ्या सभेत मी सुरुवात तुमच्यापासून केली. माझे वडील, मी सांगायचे, कारखान्याच्या टाइम ऑफिसात होते, कामगारांच्या हजेरीची कार्डं बघायचे, मालकाच्या बाजूच्या खुर्चीत बसायचे. पण मुलीने विचारलं तेव्हा त्यांनी तिच्या डोळ्यांत पाहिलं, शब्दही न बोलता मान हलवली, आणि तिला तुम्हा बायकांकडे पाठवलं. टाळ्या पडायच्या. बायका डोळे पुसायच्या. आणि त्याच भाषणात, पुढच्या दहा मिनिटांत, मी गरजायचे, की ही मालकमंडळी तुमच्या गप्प बसण्याला संमती म्हणतात. गप्प बसलेला माणूस होकार देत नसतो, त्याला बोलायला अवकाश दिलेला नसतो. दोन्ही गोष्टी मी एकाच तोंडाने, एकाच श्वासात बोलले आणि इतक्या वर्षांत माझ्या एकदाही लक्षात आलं नाही.

त्या राजीनाम्याच्या संध्याकाळी आई स्वयंपाकघरात चपात्या लाटता लाटता रडत होती आणि मी दाराला टेकून तिला कामगार चळवळीचा इतिहास सांगत होते. तुम्ही ताट ठेवायला आत आलात आणि म्हणालात, "अक्का, तू श्वास घेतेस तोही पुढच्या वाक्यासाठी. समोरच्याला मध्ये शिरायला स्वल्प जागा ठेव." मला वाटलं, तुम्ही आईच्या वतीने बोलताय. दुसऱ्या दिवशी माझ्या पिशवीत ज्येष्ठमधाच्या चार काड्या निघाल्या, हजेरीच्या जुन्या कार्डात गुंडाळलेल्या. ते कार्ड माझ्याकडे आहे. गेले काही दिवस ते काढून बघते, तुमच्या होकाराचा पुरावा म्हणून. पण घसा बसू नये म्हणून दिलेली काडी म्हणजे परवानगी नव्हे. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेच्या दिवशीही तुम्ही काड्या दिल्या होत्या, आणि त्या भाषणातलं एक अक्षर तुम्हाला पटलं नव्हतं.

त्यानंतरच्या रविवारी तुम्ही म्हणालात, गुडघा दुखतो, आज तू जाऊन ये. पुढेही गुडघाच म्हणत राहिलात. आठ महिन्यांनी दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हृदय बरेच दिवसांपासून थकलेलं आहे, चार पायऱ्यांवर यांना धाप लागत असणार, घरात कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? मी तेव्हा उत्तर दिलं होतं, की ते कधी बोललेच नाहीत. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि कागदावर लिहायला घेतलं.

मी दहा वर्षांची असताना तुम्ही मला एकदा कामावर घेऊन गेला होतात. भोंगा होऊन गेलेला, आणि एक माणूस गेटातून धावत येतो, घामाने डबडबलेला. कारण सांगायला तोंड उघडतो आणि नुसती हवाच बाहेर पडते. तुम्ही पाण्याचा पेला त्याच्यापुढे सरकवता. "सुधारिस्कोळ्ळी," म्हणता. आधी दम घ्या, मग सांगा. आणि खरंच थांबता, हातातलं पेन खाली ठेवून. माणूस पाणी पितो, भिंतीला टेकतो, मग आपलं कारण सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगतो, आणि तुम्ही एकदाही त्याला तोडत नाही. मी घरी येऊन आईला सांगितलं, अण्णांच्या ऑफिसात फार कंटाळा येतो, ते नुसते थांबून राहतात.

परक्या माणसाला तुम्ही जे दिलंत, ते मी तुम्हाला दहा मिनिटांच्या खडकावर दिलं नाही. तुमच्याकडे कुठलं वाक्य होतं, मला माहीत नाही. कदाचित "सोड नोकरी" असेल. कदाचित "सोडू नकोस" असेल. "अक्का, छातीत दुखतंय" हेही असेल. नोकरी सोडल्याचा मला पश्चात्ताप नाही, तुम्ही नाही म्हणाला असतात तरी मी सोडलीच असती. पण मग तुमच्याशी भांडून सोडली असती, आणि ते भांडण तरी आज माझ्याजवळ असतं.

हे सगळं लिहिलेला हा कागद मी कुठे पाठवणार नाही. पाठवलाच, तर तुमच्या हातात पडेपर्यंत मी पुढचं बोलून बसलेली असेन. फक्त एक गोष्ट, जी कुठल्याच सभेत सांगितलेली नाही: त्या रविवारी मी मागे वळून पाहिलंच नव्हतं. तुमचे डोळे, तुमची मान, हे सगळं मी नंतर भाषणात घातलं.

या रविवारी बत्तीस किलोमीटर आहेत, शर्यतीआधीचं शेवटचं लांब पळणं. त्या वळणावर मी थांबणार आहे, उताराकडे तोंड करून, आणि काही बोलणार नाही. अण्णा, आधी दम घ्या. मग सांगा.