बत्तीस अँपिअरची फिमेल

सोमवार, ४ मे
वीज कंपनीची नोटीस जिन्याखाली चिकटवली आहे. शनिवार, १६ तारखेला तारांचं काम, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच वीज बंद. आठ तास. बाबांचं ऑक्सिजनचं मशीन विजेवर चालतं. जोडीला छोटा सिलिंडर आहे, तो जेमतेम दोन तास पुरतो. बाकीचे सहा तास माझ्याकडे लागले.

ताईचा लगेच फोन. म्हणाली, बाबांना त्या दिवशी माझ्याकडे घेऊन ये, आमच्या भागात वीज आहे. मी ठणकावून सांगितलं, बाबा या घरातून हलणार नाहीत. एका नोटिशीपुढे मान तुकवून त्यांना तीन मजले उतरवायचं? ताई म्हणाली, भाषण नको, विचार करून सांग.

विचार झालेला आहे. आमच्या मंडळाचा जनरेटर खाली पार्किंगमध्ये माझ्याच स्कूटरशेजारी उभा आहे. केबलही आहे, वरपर्यंत पोचेल एवढी. जनरेटरवरचा एकुलता सॉकेट तेवढा वितळलाय. हातात बारा दिवस. सॉकेटला दोन पुरेत.

मंगळवार, ५ मे
सॉकेट बारकाईने पाहिला. निळा, गोल, मुठीएवढा. आता अर्धा काळा. गेल्या सभेत वितळला. माझं भाषण लांबलं म्हणून, असं मंडळात काही जण बोलतात. विषय होता, ‘वस्तू टाकू नका, दुरुस्त करा’. तो अर्ध्या तासात कसा संपेल?

कडेवरची अक्षरं शाबूत आहेत. 32A आणि 6h. बत्तीस अँपिअर हे शेंबडं पोरही सांगेल. 6h म्हणजे सहा तास. थोडक्यात, सहा तासांच्या बोलीवर विकलेला माल साडेतीन तासांत वितळला. उघड फसवणूक. आपल्याला नऊ ते पाच चालवायचंय, तेव्हा 8h चा घ्यायचा.

बायको म्हणाली, एका दिवसापुरता भाड्याचा जनरेटर आणू या. म्हटलं, ज्या माणसाने दोनशे लोकांसमोर दुरुस्तीचा पुरस्कार केला, तो भाड्याचं आणेल? ती म्हणाली, दोनशे नव्हते.

बुधवार, ६ मे
इलेक्ट्रिकच्या दुकानात गेलो. आठ तासांचा सॉकेट मागितला. दुकानदार म्हणाला, सहाचाच येतो साहेब, आठचा मी बापजन्मात पाहिला नाही. मग त्याला समजावलं की ग्राहक थोडक्यात समाधान मानतो म्हणून मालाचा दर्जा वाढत नाही. मागची माणसं थांबून ऐकत होती. त्यातल्या एकाला फक्त बल्ब हवा होता, हे त्याने तीनदा सांगितलं.

रिकाम्या हाताने परतलो, पण मुद्दा पोचला.

बायकोचं म्हणणं, जुना सॉकेट काढून नमुना म्हणून न्यायला हवा होता. सूचना चांगली आहे. स्क्रू फिरत नाहीत.

शुक्रवार, ८ मे
आणखी तीन दुकानं. आठचा कुठेच नाही. तिसरा म्हणाला, सोळाचे दोन घ्या, बत्तीस झाले. हिशेब चोख होता. घेतले.

संध्याकाळी: जनरेटरवर भोक एकच आहे.

रविवार, १० मे
बायकोने तळमजल्यावरच्या वायरमनला वर आणलं. माझ्या कामात कुणी पडलेलं मला खपत नाही, पण चहा टाकला होता. मी 6h बद्दल विचारताच त्याने खुलासा केला. सॉकेट समोर धरला की त्याचं अर्थिंगचं मोठं भोक घड्याळातल्या सहाच्या जागी येतं. एवढाच अर्थ. तासांशी संबंध नाही. म्हटलं, माझाही तोच अंदाज होता, खात्री करून घेत होतो.

तो म्हणाला, वस्तू आणा, पाच मिनिटांत बसवतो. फक्त शुक्रवारी दुपारच्या आत. नंतर तो चार दिवस साइटवर जाणार.

म्हणजे अजून पाच दिवस. बाजू भक्कम आहे.

सोमवार, ११ मे
पहिल्या दुकानात फोन केला. मागे ड्रिल चालू होतं. बत्तीस अँपिअर, 6h, निळा, असं खडसावून सांगितलं. म्हणाला, गोडाऊनमधून मागवून ठेवतो. मग विचारलं, मेल ना? म्हटलं, हो, मेलच बरा, आणि माझा मेल आयडी स्पेलिंगसकट सांगितला. तो म्हणाला, ते राहू द्या, तुम्ही या. माणूस साधा, पण काळाबरोबर आहे.

आता मेल आला की जायचं.

बुधवार, १३ मे
मेल आलेला नाही. स्पॅमही तपासलं. विमा, कर्ज, टकलावर केस.

बाबा चाळीस वर्षं विजेच्या मोटारी बांधायच्या वर्कशॉपमध्ये होते. दुपारी कॉटवरून विचारत होते, कुठला सॉकेट रे, दाखव तरी. म्हटलं, बाबा, तुम्ही बोलू नका, दम लागेल. ते भिंतीकडे वळून झोपले. वडिलांची काळजी घ्यायची तर थोडं कठोर व्हावं लागतं.

गुरुवार, १४ मे
शेवटी स्वतःच गेलो. पुडकं मंगळवारपासून तयार. दुकानदार म्हणाला, साहेब, तुमचा मेल कधीचा येऊन पडलाय. म्हटलं, माझ्याकडे तरी आला नाही. त्याने पुडकं माझ्यापुढे सरकवलं. मी ते उघडलं नाही. माणसावर विश्वास टाकायचा असतो.

काम फत्ते. ताईला फोन करून कळवलं. ती फक्त बरं म्हणाली.

शुक्रवार, १५ मे, सकाळी ११
वायरमनने पुडकं सोडलं आणि म्हणाला, हा मेल आहे हो. जनरेटरवर फिमेल लागते. केबलच्या टोकाला पिना, ह्यालाही पिना. कोण कुणात जाणार?

त्या मेलचा अर्थ तेव्हा लागला. निर्जीव वस्तूंनासुद्धा नर आणि मादी ठरवणाऱ्या मानसिकतेवर मी त्याला वीस मिनिटं सुनावलं. त्याने शांतपणे ऐकलं, पक्कड पिशवीत टाकली आणि साइटवर गेला.

दुपारी २.३०
दुकानात फिमेल नाही. होती ती सकाळी गेली. आता सोमवारी.

दुपारी ४
भाड्याच्या जनरेटरसाठी फोन केला. केवळ चौकशी. उद्यासाठी एकही शिल्लक नाही, आपल्याच भागातल्या लोकांनी आठवड्यापूर्वीच सांगून ठेवले म्हणे. बायको म्हणाली, आता? म्हटलं, अजून सतरा तास आहेत.

संध्याकाळी ६
ताईची गाडी उद्या आठला येतेय. बायकोने हे तिच्याशी चार तारखेलाच ठरवलं होतं. मला का नाही सांगितलं, विचारलं. म्हणाली, तुमचं चाललं होतं ना.

शनिवार, १६ मे
मशीन आधी गाडीत ठेवलं. मग बाबांना उतरवायला घेतलं. एका बाजूने ताई, दुसऱ्या बाजूने बायको, सिलिंडर माझ्याकडे. दुसऱ्या मजल्यावर त्यांचे पाय थांबले. शेजाऱ्यांनी खुर्ची दिली. ओठ निळसर झाले होते. ताई म्हणाली, बाबा, घाई नाही.

काही वेळाने त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. एकेक शब्द सुटा करत म्हणाले, तू बोल काहीतरी. तू बोलत असलास, की मला बोलावं लागत नाही.

ताई आणि बायको माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या. मी सिलिंडर दोन्ही हातांनी धरून उभा होतो.