बुडालेली गाडी

३ एप्रिल, रविवार. नांदेड

मैत्रीच्या वरच्या ओठाला टाके. पुढचा एक दात हलतोय. दुधाचा आहे, पडणारच होता, असं डॉक्टर म्हणाले. असा पडणार होता का?

लातूरहून परत येताना झालं. भाड्याची गाडी. अहमदपूरच्या जवळ बाया घागरी घेऊन रस्त्यात आडव्या उभ्या, म्हणून पुढच्या टँकरने एकदम ब्रेक मारला. आमच्या ड्रायव्हरनेही मारला. धडक नाही, गाडीला ओरखडासुद्धा नाही. पण मैत्री पुढच्या सीटवर नानांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या मांडीवर होती. ती सरळ डॅशबोर्डवर गेली. चार वर्षांची पोर. मागे माझ्या मांडीवर सम्यक, दहा महिन्यांचा. माझं डोकं पुढच्या सीटवर आपटलं आणि तो मधे दाबला गेला. त्याला काही झालं नाही. नशीब, असं सगळे म्हणतात. मला त्या शब्दाची शिसारी आली आहे.

नाना घरी येईपर्यंत एकच. "म्या धरली व्हती की तिला. घट्ट धरली व्हती."

धरली होती. मी पाहिलं होतं.

मागचे बेल्ट शोधले. बक्कल सीटकव्हरच्या खाली गाडलेले. ड्रायव्हर म्हणतो, "मागं कोन लावतंय म्याडम. गिऱ्हाइकाला टोचतंय म्हनून आत सारून टाकलं." सीटकव्हर मात्र नवं कोरं. लाल, वर सोनेरी शिलाई.

५ एप्रिल, मंगळवार

मैत्री पेज पिते, बोलत नाही. नाना तिच्याशी बोलत नाहीत. घरात सम्यक सोडून सगळे मुके.

अकरावीला जडत्व शिकवताना मी दरवर्षी फळ्यावर बस काढते, बसमध्ये माणूस, बस थांबते, माणूस पुढे जातो. पोरं हसतात. आणि आपलीच पोर पुढे मांडीवर देऊन मी मागे बसले, कारण नानांना नको कसं म्हणायचं.

नवऱ्याचा, प्रशांतचा फोन. तो लातूरला पाणीपुरवठ्यात. तिथे टाकीपाशी गर्दी करायला बंदी, पोलिसांच्या पहाऱ्यात टँकर भरतात. चार वाक्यं बोलला, त्यात तीन पाण्याची. चौथं, "गाडी घेऊ आपण." मी म्हटलं, दोन्ही लेकरांच्या खुर्च्या नीट बसतील अशीच घेऊ. हो म्हणाला. त्याला काय कळलं माहीत नाही.

१० एप्रिल, रविवार

खुर्च्या कुरिअरने आल्या. मैत्रीची मोठी, सम्यकची तोंड मागे करून बसवायची. दोन्ही ऑटोत घालून शोरूमला नेल्या. ऑटोवाला म्हणे, "पार्लर टाकून राहिले का ताई?"

पहिल्या शोरूममध्ये सीटवरचं प्लास्टिक काढू देईनात. खुर्ची त्या प्लास्टिकवरून घसरत होती. दुसऱ्यात मागचा बेल्ट सम्यकच्या खुर्चीला वीतभर कमी पडला. तिथल्या पोराने, टाय घातलेला, उपाय सांगितला. "पुढच्या शीटवर ठेवा ना. बाळाला एसी चांगला लागंल."

पुढे एअरबॅग आहे, ती फुटली की थेट खुर्चीच्या पाठीवर येईल, म्हटलं. तर म्हणाला, "मग तर अजून सेफ."

स्वस्तातल्या मॉडेलला एअरबॅगच नाही. मागितली तर सहा-सात महिने थांबा, कारण "इकडं कुणी घेतच न्हाई ते." टीव्ही लगेच मिळतो. मागच्या सीटवर लेकरांना कार्टून लावायला. बेल्ट पुरत नाही, पण कार्टून आहे.

घरी येऊन हात धुतले. उगाच.

१३ एप्रिल, बुधवार

काल लातूरला पाण्याची रेल्वे आली. प्र.ला दोन दिवस झोप नाही. म्हणतो, डब्यांपुढे उभं राहून फोटो काढून घेणारेच जास्त, व्हॉल्व्हपाशी आम्ही दोघंतिघं.

मग हळूच सांगितलं. त्याच्या भावाने, जुन्या गाड्या विकणाऱ्या दीपकने, उदगीरला एक गाडी पाहून ठेवली आहे. जुनी, पण वरचं मॉडेल, एअरबॅग, सगळं. प्र.ने हो म्हणून टाकलंय. मला न विचारता.

"बघून तर घे," म्हणतो.

१४ एप्रिल, गुरुवार

जयंती. सकाळी विहारात. नाना पांढऱ्या कपड्यात, मैत्रीचं बोट धरून. त्या दिवसानंतर पहिल्यांदा तिने त्यांना बोट दिलं. बरं वाटलं.

दुपारी जेवून बसलो असताना त्यांनी स्वतःहून विषय काढला. देगलूरला परीक्षेला जायचे, तेव्हा गावात एकच जीप. आत जागा असली तरी यांना मागच्या पायदानावर उभं राहावं लागे, बाहेर लोंबकळत. धुळीने डोळे भरायचे. पेपर लिहिताना चुरचुरायचे.

"आता आपली गाडी येनार. मला पुढं बसायचं हाय. नातू मांडीवर घिऊन. एक डाव गावच्या वेशीतून. मंग तुमच्या त्या खुर्च्या काय बसवायच्या त्या बसवा."

हेडमास्तर होते माणूस. पोरांना शिस्त लावली, हिशेब शिकवले. माझ्या नोकरीमुळे दिवसभर सम्यकला तेच सांभाळतात. ताट उचललं.

१७ एप्रिल, रविवार. उदगीर

आज जे पाहिलं ते

नीट लिहिते.

दुपारी पोचलो, प्र.ही आला. रस्त्यावर मोर्चा. उदगीर जिल्हा झालाच पाहिजे. गाड्याच गाड्या, झेंडे. एका गाडीच्या छतातून दोन पोरं कमरेपर्यंत बाहेर, बाप खाली बसून हॉर्न वाजवतोय. दीपक पुढेच होता, गळ्यात गमछा. आला, नानांच्या पाया पडला, मैत्रीच्या ओठाकडे पाहून चुकचुकला. म्हणाला, "जिल्हा हू द्या वहिनी. आरटीओ इथंच येतंय. पासिंग घरचं."

गाडी पांढरी. आत अत्तर मारलेलं, इतकं की सम्यक शिंकला. सीटकव्हर नवं. मी सम्यकची खुर्ची मागे ठेवली आणि बेल्ट पुरतो का बघायला पूर्ण ओढला. शेवटचा हातभर पट्टा तपकिरी निघाला. कडक. त्यातून वाळलेला गाळ खुर्चीवर पडला, पिठासारखा. आणि वास आला. अत्तराच्या खालचा. ओल्या गोधड्या कुजल्यावर येतो तसा.

डिकीत स्टेपनी उचलली, तिच्या खाली चिखलाची पापडी. किल्ली फिरवली. एअरबॅगचा दिवा आधी लागून मग विझायला हवा. लागलाच नाही. पुन्हा फिरवली. बल्ब काढून टाकलेला.

"दीपकभाऊ, ही गाडी पाण्यात होती का?"

लपवलं नाही त्याने. हेच जास्त. "चेन्नईकडची हाय. तिकडं पूर आला व्हता न्हवं का. चार दिस पान्यात हुबी व्हती, यवढंच. इंजन खोलून केलंय सगळं."

"आणि एअरबॅग?"

"वहिनी, तुम्हाला काय धडक मारायची हाय का?"

चार गावांच्या विहिरी कोरड्या, आणि हा बुडालेली गाडी आणून सख्ख्या भावाला देतोय. दोन लेकरांसकट. चहा केला होता जाऊबाईंनी. कप तसाच ठेवला.

प्र.ने पट्ट्यावरचा गाळ नखाने खरवडला. हुंगला. दार लावलं. परतीच्या एसटीत बसलो. अहमदपूर फाट्यावर लातूरची गाडी धरायला उतरताना एवढंच, "भाऊ आहे गं तो."

मी म्हटलं, म्हणूनच.

२१ एप्रिल, गुरुवार

प्र.ने शेवटी दीपकला नकार कळवला. तीन दिवस लागले. दीपक म्हणाला म्हणे, "शिकल्याली बायको केली की असं व्हतंय." प्र.ने हे मला का सांगावं.

२४ एप्रिल, रविवार. लातूर

गाडी सापडली. दिसायला डबा. डिकीत दोन पिशव्या मावतील न मावतील. पण सीटच्या फटीत खुर्ची अडकवायचे लोखंडी हुक आहेत, दोन्ही बाजूंना. मी बोट घालून चाचपले. पुढे दोन एअरबॅग. खुर्च्या खटकन बसल्या, धरून हलवल्या तर गाडी हलली, खुर्ची नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला हसू आलं.

मग नाना म्हणाले, मी मागं बसून बघतो. दोन खुर्च्यांच्या मधे. अर्धे बसले आणि अडकले. शोरूमची पोरं हसायला लागली. एकाने हात दिला. नाना त्याचा हात न धरता, दाराला धरून स्वतः निघाले. धोतर सारखं केलं.

म्हणजे नाना पुढे, प्र. चालवणार, मधे मी. मधल्या जागेला फक्त कमरेचा पट्टा आहे. सगळ्यात सुरक्षित गाडी निवडली आणि तिच्यातली सगळ्यात वाईट जागा मला आली. चालेल.

१ मे, रविवार

नव्या जिल्ह्याची घोषणा होणार अशी हवा होती. झाली नाही. दीपकने प्र.ला फोन केला, जिल्ह्याचं रडगाणं गाऊन झाल्यावर सहज म्हणाला, ती गाडी गेली. चाकूरच्या एका मास्तरांनी घेतली. प्र.च्या ओळखीचे निघाले, कॉलेजला एका वर्गात होते. तीन लेकरं.

प्र. हे सांगून आंघोळीला गेला. बादलीभर पाण्यात इतका वेळ काय करत होता.

बाहेर आल्यावर म्हटलं, त्यांना सांग.

"मी कसं सांगू?"

"मग मी सांगते. नंबर दे."

दिला. तेवढं तरी केलं.

२ मे, सोमवार

फोन केला. मास्तर चांगले बोलले. ऐकून घेतलं. पट्टा ओढून बघा, दिवा बघा, सगळं सांगितलं. फोन चालू ठेवूनच गाडीपाशी गेले, दार उघडल्याचा आवाज आला, मग पट्टा ओढल्याचा. मग म्हणाले, "हाव हो ताई. गाळ हाय." दार धाडकन लावलं. "लई उपकार झाले. लेकरं बसत व्हती ह्यात."

मला रडू आलं. चांगलं रडू. प्र.ला कळवलं. तोही हुश्श म्हणाला.

१५ मे, रविवार

चाकूरच्या मास्तरांना पुन्हा फोन केला. दीपकने गाडी परत घेतली का, विचारायला.

"परत कुठला घेतोय तो. आम्ही काढून टाकली ताई."

काढून टाकली म्हणजे?

"इकून टाकली. परभणीकडचा एजंट आला व्हता. तशीच अत्तर मारून दिली." आणि हसले. "आमचं बी लेकराबाळाचं घर हाय. आमी काय गळ्यात बांधून बसावं का?"

पुढे कुणाला गेली, माहीत नाही. एजंटाचं नाव आठवत नाही म्हणे.

हाच माणूस दोन तारखेला लई उपकार म्हणाला होता. माझे उपकार. मी सांगितलं नसतं तर पुढचा दीपक तोच झाला असता का. की नसता. दिवसभर तोंडात लोखंडासारखी चव.

२२ मे, रविवार. गाव

नवी गाडी घेऊन देगलूरकडे, नानांच्या गावाला. लेकरं खुर्च्यांत. मैत्री आधी रडली, मग झोपली. नाना पुढे, इस्त्रीचा सदरा, बेल्ट स्वतः लावला. बरं चाललं होतं.

वेस दिसायला लागली तशी नाना प्र.ला म्हणाले, "थांबव जरा. लेकरू दे माझ्याकडं. इथनं विहारापर्यंतच."

प्र.ने गाडी थांबवली. आरशात माझ्याकडे पाहिलं. पारावर माणसं बसली होती, गाडीकडे बघत.

दोनशे पावलांचासुद्धा रस्ता नाही. गाडी बैलाच्या चालीने गेली असती. मला सगळं कळत होतं. मी म्हटलं, "नाही नाना."

नानांनी बेल्ट काढला. दार उघडलं, उतरले आणि चालायला लागले. पारावरच्यांकडे न बघता, ताठ. आम्ही मागून हळूहळू. आतमध्ये एसी चालू. विहारापर्यंत असंच. सम्यक खुर्चीतून आपला खुळखुळा वाजवतोय.

किळस आली. कुणाची ते ठरवता येईना. पारावरच्यांची, त्या जुन्या जीपची, की माझी.

२९ मे, रविवार

नाना बोलतात, पण कामापुरतं.

ती पांढरी गाडी डोक्यातून जात नाही. नांदेड-लातूर रस्त्यावर दर तिसरी गाडी पांढरीच. मागे लेकरं दिसली की मी वळून बघते. तिचा क्रमांक मला पाठ आहे. आरटीओत तक्रार देता येते, चौकशी लागली तर सध्याचा मालक सापडेल. पण कागद मागे मागे जात दीपकपाशी येणार.

प्र. म्हणतो, त्याचं दुकान बसेल. पोलीस केस होईल. आपण आपलं केलं ना, बस. तो वाईट माणूस नाही. दमलेला आहे. पण हे वाक्य दीपकच्या तोंडी शोभलं असतं.

दुपारी नानांना विचारलं. सम्यकला पाळण्यात झोके देत होते. दोरी थांबवली नाही.

"ल्योक हाय त्यो माझा. मला इचारू नकू."

नाही विचारलं मग.

आत्ता जेवताना नानांनीच, मान खाली घालून, "त्या गाडीचा नंबर काय व्हता?"

सांगितला. त्यांनी एकदा पुटपुटून बघितला. भात तसाच ठेवून उठले.