संघमित्राने बोर्ड सरकवला

संघमित्राचे पप्पा,

माझ्या ताईला दवाखान्यात न्यायचंय, म्हणून पुणतांब्याला चाललेय. भाजी-भाकरी झाकून ठेवलीय.

हॉलमध्ये भिंतीतलं कपाट बसलं. सकाळी सुतार म्हणाला, "प्लगचा बोर्ड मधी येतोय, कपाट बसायचं न्हाई." वायरमन फोन उचलेना. मग आपली मित्राच उठली. मेन स्विच बंद केला, टेस्टर लावून खात्री केली, भिंत कोरून वायरीचा पाइप उजवीकडे नेला, नवी वायर ओढली आणि तिकडे नवा बोर्ड बसवला. मी घाबरून म्हटलं, "पप्पांना येऊ दे." ती म्हणाली, "ते मला स्टुलावरसुद्धा चढू देणार नाहीत." टेबलफॅन लावला तर लगेच फिरला. मला भरून आलं. इतकं नीट काम आपल्या घरात आजवर कुणी केलं नव्हतं.

नव्या बोर्डाच्या वर खिळा ठोकू नका, आतून वायर गेलीय. प्लॅस्टर ओलं आहे.

ती दुपारीच नगरला होस्टेलवर परत गेली. नर्सिंग सोडून तिने आयटीआयला वायरमनचा कोर्स धरला, तेव्हापासून तुम्ही तिच्याशी धड बोलला नाहीत, म्हणून तुमची वाट बघायला थांबली नाही.

कपाट बघून झालं की तिला फोन करा. मी सांगितलं असं म्हणू नका.

सुनंदा