इंदिराकाकूची रजा

काठमांडू, ६ ऑक्टोबर २०२५

ती. सौ. इंदिराकाकूस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर बोलायला लागलं की काका शेजारी येऊन बसतात, म्हणून हे पत्र. माझा प्रबंध मार्गी लागला. भारतात आणि नेपाळात किती बायका कामकरी म्हणून मोजल्या जातात, हा विषय. नेपाळने घरापुरतं पिकवणाऱ्यांना मोजणीतून वगळलं आणि बायकांचा आकडा धाडकन खाली आला. आपल्याकडे तो अलीकडे चढतोय, त्यात घरच्या धंद्यात बिनपगारी राबणाऱ्या पुष्कळ जणी आहेत. मग आमची काकू कुठे, असं मनात आलं. काकांच्या यजमानांना वर्षानुवर्षं तूच तर जेवू घालतेस.

दिवाळीनंतर आठ दिवस इथे ये. लग्न झाल्यापासून तू एकटी कुठे गेलीच नाहीस. नाही म्हणालीस तर रुसेन हं. काकांना नमस्कार. तुझी माया तेवढी घेऊन ये.

तुझी पुतणी,
स्वरदा

पंचवटी, नाशिक, २८ ऑक्टोबर

चि. स्वरदा हिस अनेक आशीर्वाद.

तुझ्या मोजणीत मी नाही गं. मागे सर्वेक्षणाची मुलगी आली होती. तुझे काका तिला म्हणाले, मी पौरोहित्य करतो, ही घरीच असते. मी आत ह्यांच्या यजमानांसाठी पुरण वाटत होते. तिथूनच हो म्हटलं. तेव्हा काही वाटलंही नाही.

आता काठमांडूचं काढलं तर म्हणतात, मार्गशीर्षात शांतींची रांग आहे, सोवळ्याचा स्वयंपाक कोण करणार? मी म्हटलं, घरीच असणाऱ्या बाईवाचून कुणाचं काय अडतं? तेव्हापासून अबोला आहे. खरं सांगू, मला यायचंय. फार यायचंय. पण ह्यांचं मन मोडून निघाले तर तिथे घास उतरायचा नाही. तब्येत सांभाळ. राग धरू नकोस, लोभ धर.

तुझी काकू,
इंदिरा

पंचवटी, ३ डिसेंबर

चि. स्वरदास शामसुंदरकाकाचे आशीर्वाद.

काकू सुखरूप पोचली, बरं वाटलं. तिला स्वेटर घालायला लाव, माझं ऐकत नाही. ती भांडली असती तर मी हटून बसलो असतो. पण तिने जाण्याचं नावच टाकलं, ते मला बघवेना. तिकीट मीच काढून आणलं.

काल धुळ्याच्या यजमानांचा फोन आला, शांतीचा मुहूर्त विचारत होते. पंचांगात परवाचा दिवस उत्तम होता. त्यांना सांगितलं, आमच्याकडे ज्या काम करतात त्या रजेवर आहेत, त्या आल्या की मुहूर्त काढू.

हे तिला कळू देऊ नकोस, लगेच बॅग भरेल. तुम्हा दोघींचा लोभ या म्हाताऱ्यावर राहू दे.

तुझा,
काका