चालणारं कासव

शनिवार, संध्याकाळ. कोकणातला मुक्काम.

पाटोद्याहून आणलेल्या माझ्या चौथीच्या मुलांनी आज पहिल्यांदा समुद्र पाहिला. कासवाची पिल्लं वाळूतून पाण्याकडे निघाली होती. ती राखणारे दादा बजावत होते, "हात लावाल तर वाट चुकतील." पण आमच्या गावात देवळातल्या दगडी कासवाला हात लावल्याशिवाय कुणी गाभाऱ्यात जात नाही. मेंढपाळाची सखू वाकलीच.

"सखू, हात नको लावू," मी ओरडलो.

"मंग पाया कशी पडू, गुरुजी?"

तिनं पिल्लू पुढे जाऊ दिलं, त्याच्या मागच्या वाळूला हात लावून कपाळाला लावला. पिल्लू लाटेत गेलं.

देवा, देवळातलं कासव आज चालताना दाखवलंस, उपकार झाले. सखूला ओरडलो तेव्हा माझाही हात पुढे झालेला होता.