दक्षिण दरवाज्याचा उंबरा

मी रेनसेनेब, इकेनच्या कोटाचा किल्लेदार, राजाच्या दक्षिण सीमेचा शिक्का बाळगणारा, असे लिहून ठेवतो की माझे डोळे गेल्या पुरात गेले आणि पोटात पाणी झाले आहे, पण डोके शाबूत आहे. मला कोणी धाक घातलेला नाही आणि बियर पाजून वश केलेले नाही. बियर कोटात उरलेलीच नाही. आमचे लेखनिक महाशय धान्याच्या शेवटच्या होडीतून उत्तरेला सटकले, म्हणून हे मृत्युपत्र माझा मुलगा अंखू याच्या हातून लिहवून घेत आहे. मी बोलेन ते सगळे उतरवायचे आणि त्याने मध्ये तोंड घातले तर तेही उतरवायचे, अशी त्याला ताकीद आहे. तो काय लिहितो ते मला दिसत नाही. बापाने मुलावर एवढा तरी विश्वास टाकावा.

कलम पहिले. हत्तीबेटावरचे घर, अंगणातल्या अंजिरासकट, माझी मुलगी सेनेबतिसी हिला देत आहे. सध्या तिथे माझा मेहुणा नेफेरू ठाण मांडून आहे. अंजीर आपणच लावले असे तो देवळात शपथेवर सांगून आला आणि देवाने ते ऐकून घेतले. त्याला बाहेर काढताना चटई न्यायला हरकत नाही. कढई नेऊ देऊ नये, ती माझ्या आईची आहे.

कलम दुसरे. मासे धरायचे जाळे, तांब्याचा वस्तरा आणि माझी शिसवी खुर्ची तेहेमाला. तेहेमा मेजाय जमातीचा आहे, वाळवंटात फिरून पावलांचा माग काढणे हे त्याचे काम. किल्लेदाराच्या खुर्चीवर मेजाय बसणार म्हणून ज्यांच्या पोटात दुखेल त्यांनी जिरे खावे.

कलम तिसरे. नदीच्या वरच्या अंगाला, दक्षिणेला, सेम्नाचा कोट आहे. तिथला किल्लेदार इकी माझे धडधाकट गाढव घेऊन गेला आणि लंगडे करून परत पाठवले. वर निरोप धाडला की ते जन्मतःच आळशी होते. त्यावरून आम्ही आयुष्यभर भांडलो. ते गाढव मी इकीला माफ करतो. ही माफी त्याच्यापर्यंत पोचेल असे मात्र मला वाटत नाही. कारण सेम्नाच्या बुरुजावर दिवस मावळताना जाळ करायचा आणि आम्ही त्याला जाळानेच उत्तर द्यायचे, ही रीत माझ्या आजोबांपासूनची. इकीची माणसे वाळलेली बाभूळ जाळतात, तिचा धूर होत नाही. हल्ली तिथून भर दुपारी काळा धूर येतो, असे पहारेकरी सांगतात. तो जाळ कोणीतरी लावतो आहे, पण त्याला रीत माहीत नाही.

अंखू म्हणतो, "बाबा, लाकडं ओली असतील."

लिही. या मुलखात ओली लाकडे! पाऊस म्हणजे काय हे तुझ्या पोरांना समजावता समजावता माझी जीभ दुखली.

पुढचे कलम शवपेटीचे. उंबराच्या लाकडाची ती पेटी मी हौसेने करवून घेतली, मेल्यावर आतून बाहेरचे दिसावे म्हणून तिच्या कुशीवर डोळे रंगवून घेतले, आणि आडवे होऊन माप बरोबर आहे की नाही तेही पाहिले. ती फोडावी. तिच्या फळ्यांनी सेनेबतिसीची गळकी होडी सांधावी आणि अमावास्येच्या आत तिने अंखूची बायको आणि मुले घेऊन उत्तरेला निघावे. रंगवलेले डोळे खरवडू नयेत, होडीला वाट दिसलेली बरी. सेनेबतिसी रडून म्हणाली, "पेटीशिवाय तुम्हाला ठेवायचं कुठं?" ते शेवटच्या कलमात आहे.

शिक्का, किल्ल्या आणि किल्लेदारी वडिलार्जित रिवाजाप्रमाणे माझ्या म्हातारपणाची काठी म्हणून माझा मुलगा अंखू याला. दुसऱ्या कोणाला द्यावी असे मनात आले होते. दिली नाही.

आता अंखू, हात थांबवू नकोस.

परवा नदीच्या दरवाज्याने पाणी भरायला गेलेल्या बायकांना लव्हाळ्यात अडकलेले एक प्रेत सापडले. ती इकीची बायको इतू होती. निळ्या मण्यांच्या कड्यावरून सेनेबतिसीने ओळखली. हात मागे बांधलेले होते. मी बायकांना गप्प बसवले आणि तुझ्या कानावर येऊ दिले नाही. मग तेहेमाला पाठवले. तो टेकडीवरून सेम्ना पाहून आला. मी विचारले, "दरवाजा कसा फोडला?" तो म्हणाला, "फोडला नाय, किल्लेदार. जाळला पण नाय. आतनंच उघडलाय."

आणि जाता जाता त्याने आणखी एक सांगितले. आपल्या दक्षिण दरवाज्याबाहेर, दक्षिणेकडून चालून आलेल्या कुशच्या माणसांच्या अनवाणी पावलांपर्यंत जाऊन परत आलेली एक पावलांची रांग आहे. डावा पाय घासत चाललेला. मी म्हणालो, "माझं ते लंगडं गाढव असेल." तो म्हणाला, "किल्लेदार, गाढव चपला घालत नाय."

तो पाय मी रोज जिन्यावर ऐकतो. लहानपणी तू तटावरून पडलास तेव्हा तुला उचलून मीच पळत आणले होते.

 अंखू म्हणतो, "बाबा, किती वाट बघायची? धान्याची होडी येत नाही. राजा जिवंत आहे की मेला हे सुद्धा कुणी कळवत नाही. शिधा घेताना खूण म्हणून दाखवायच्या त्या लाकडी भाकऱ्या पोरं चोखत बसतात. कुशच्या माणसांनी शब्द दिलाय, कुणाला हात लावणार नाही म्हणून."

सेम्नालाही शब्द दिला असेल. इतूचे हात तू पाहिले नाहीस.

अंखू म्हणतो, "हे सगळं साक्षीदारांना सांगा ना मग! आत्ता बोलवा. मला तटावरून ढकलून देतील, प्रश्न मिटेल."

सांगणार नाही. तू माझा मुलगा आहेस. तुझ्यावर जीव आहे, तो या वयात कुठे काढून ठेवू? हा कागद नदीत टाकलास तरी मला कळायचे नाही. म्हणून शेवटचे कलम नीट लिही.

शेवटचे कलम. मला पश्चिमेच्या टेकडीवर नेऊ नये. दक्षिण दरवाज्याचा उंबरा उकरून त्याखाली मला पुरावे, डोके बाहेरच्या अंगाला. पेटीविना, असे दाराखाली पुरलेल्या माणसाला देव शोधत येतील की नाही, मला ठाऊक नाही. मला फार भीती वाटते. पण ज्याला तो दरवाजा उघडायचा असेल त्याने माझ्या छातीवर पाय देऊन उघडावा. अंखू, तुझे पाऊल मी जमिनीखालूनही ओळखीन.

हे मृत्युपत्र मला पुरताना त्याच उंबऱ्यावर सर्वांसमक्ष वाचावे. साक्षीदारांनी मजकूर ऐकलेला नाही. मी शुद्धीवर राहून ओल्या मातीवर शिक्का उमटवला, एवढेच पाहिले आहे.

ठिकाण: इकेनचा कोट. पुराच्या ऋतूचा दुसरा महिना. राजाचे नाव आणि राज्यवर्ष कळल्यावर भरावे, जागा कोरी सोडली आहे.

शिक्का: रेनसेनेब, किल्लेदार.

साक्षीदार: तेहेमा, मेजाय, याची अंगठ्याची खूण.

साक्षीदार: देदू, कोटाचा भटारी.

लिहिणार: अंखू, रेनसेनेबचा मुलगा. वडील बोलले ते शब्दन् शब्द उतरवले आहे. साक्षीदार गेल्यानंतर एक दुरुस्ती माझ्या जबाबदारीवर करत आहे. शेवटच्या कलमात 'दक्षिण दरवाजा' असे आहे, तेथे 'नदीचा दरवाजा' असे वाचावे आणि वडिलांना तिथेच पुरावे. कुशच्या माणसांना मी शब्द दिला आहे तो नदीचा दरवाजा उघडण्याचा.