दोनदा मेलेल्या दादास

प्रिय दादा,

कागदाच्या माथ्यावर 'श्री' काढायला हात गेला आणि थबकला. तुला चालेल की नाही? शेवटी काहीच काढलं नाही. रागावू नकोस.

लिहितेय अशासाठी, की आज दुपारी आपल्या कल्याणच्या घरात जे झालं ते ऐकायचा पहिला हक्क तुझा. आणि खरं सांगू? मला किळस आली आहे. परवापासून घशाशी येतेय. पण या घरात तुझं नाव काढायला बंदी, मग ओकायचं कुठे? कागदावर घेतलेलं नाव निदान कुणाला ऐकू जात नाही.

तू बाप्तिस्मा घेतलास आणि आबाकाकांनी तुझा घटस्फोट केला, जिवंत माणसाला मेलेला ठरवण्याचा विधी. तुला ते कळलं होतं, पण तू पाहिलं नाहीस. मी पाहिलं. तू तिकडे ठाण्यात मिशनच्या शाळेत मुलांना गणित शिकवत होतास, आणि इकडे खाडीच्या काठी तुझा पुतळा, दर्भाचा विनायक, चितेवर निजला होता. त्याला तुझंच धोतर नेसवलं होतं, ते जांभळ्या काठाचं. पाण्याचा घडा लाथेनं उलटवायचा असतो, तो गडगडत गेला पण फुटेना. मग काकांनीच वर धोंडा घातला.

तेराव्याला लाडू झाले. काकांनी तूप मागून घेतलं, पुन्हा मागून घेतलं! सख्ख्या पुतण्याला जिवंतपणी जाळून आलेल्या माणसाला इतकी भूक लागते होय रे?

आणि आई? तिला माजघराच्या दारात बसवलं होतं. काका येऊन हळूच म्हणाले, "वहिनी, रडा की जरा. लोक बघताहेत." तिला रडू येईना. कसं येईल? आदल्याच आठवड्यात तू चोरून परसात येऊन गेला होतास.

पुढेही वर्षा-दोन वर्षांतून यायचास. विहिरीच्या पलीकडे उभा राहायचास, आणि आई तुझ्या ओंजळीत वरून पाणी घालायची. एकदा तू तिला समजावत होतास, आठवतं?

"आई, मरण म्हणजे शेवट नव्हे. एक दिवस सगळे मेलेले उठतील. मग मरणच उरणार नाही."

"तिथे सोवळंओवळं असतं का रे?"

"नाही."

"मग माझ्या शेजारी बसून जेवशील ना?"

तू मान हलवलीस खरी, पण नजर विहिरीत घातलीस. मला तेव्हाच शंका आली होती.

परवा सकाळी मिशनचा माणूस दारात आला. "विनायक मास्तर तापानं गेले. आज चार वाजता माती आहे," म्हणाला. काका ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. "कोण विनायक? आमचा विनायक केव्हाच मेला. दर वर्षी श्राद्ध होतं त्याचं. घर चुकलात." अडकित्ता क्षणभरही थांबला नाही, दादा! तो बिचारा हात जोडून परत गेला.

आईनं आतून सगळं ऐकलं. थोड्या वेळानं बाहेर आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "गोदे, नौपाड्याच्या मावशीला बरं नाही ना? चल, बघून येऊ." जन्मात खोटं न बोललेली बाई! आम्ही दोघी विधवा आगगाडीत बसलो आणि थेट तुझ्या दफनभूमीत आलो.

खोटं कशाला बोलू, तिथे मला एक गोष्ट आवडली. तुझ्या शाळेतली पोरं गात होती, बायाबापड्या फुलं घेऊन उभ्या होत्या, आणि कुणाच्या तोंडावर भीती नव्हती. आपल्या घाटावर मी तसे चेहरे पाहिले नाहीत. तुला गावाला पोचवायला आल्यासारखी ती माणसं उभी होती. त्या आशेचा मला हेवा वाटला.

पण तुझे पाद्रीसाहेब! पेटी खाली उतरायला लागली आणि आईला पहिला हुंदका आला, तोच त्यांनी हात वर केला. "बाई, रडू नये. तो मेला नाही. तो प्रभूपाशी जिवंत आहे. रडणे हा अविश्वास आहे."

आईनं हुंदका गिळला. मग विचारलं, "तो मला भेटेल का हो?"

"बाप्तिस्मा घ्याल तर अवश्य भेटेल."

अरे, उघड्या खड्ड्याच्या काठावर सौदा? आईच्या मुठीतली माती अजून पडली नव्हती! काकांनी तूप मागितलं होतं, यांनी आत्मा मागितला. हावरेपणा तोच.

तुला हे ठाऊक होतं ना? म्हणूनच नजर चुकवलीस ना? तुझ्यावर मी रागावले आहे, दादा. मेलेल्यावर रागावू नये म्हणतात, पण तू तर मेला नाहीस ना तुझ्या मते! मग ऐक. आई जिथे नाही असलं अनंत जीवन घेऊन तू करणार काय?

परतीच्या वाटेवर मी आईकडे बघत होते. घरी म्हणतात रडू नकोस, तो आधीच मेला आहे. तिथे म्हणतात रडू नकोस, तो मेलाच नाही. मग तिनं रडायचं तरी कुठे?

आता आजचं. आळीत कुजबुज सुरू झाली होती, की यांच्याकडे सुतक आहे का नाही? काकांनी ती एका दमात मिटवायची ठरवली. आज ब्राह्मण जेवायला बोलावले. पुरणपोळीचा बेत! वास चार घरं जावा म्हणून मुद्दाम. आणि पोळ्या लाटायला कुणाला बसवलं? आईला. मी म्हटलं मी लाटते, तर काका म्हणाले, "वहिनींच्या हाताची सर तुला नाही."

पंगत बसली. काका फिरत फिरत आग्रह करत होते. "सावकाश होऊ द्या. देवाच्या दयेनं आमच्याकडे सगळं आनंदात आहे!"

आईनं लाटणं खाली ठेवलं. सोवळ्यातच उठली आणि मागल्या दारानं विहिरीवर गेली. पोहरा ओढला आणि नेसत्या लुगड्यानिशी डोक्यावर ओतला. मग आणखी एक. घरचं माणूस गेल्याचं कळलं की आपल्यात अशी आंघोळ करतात, हे पंगतीला कुणी सांगावं लागलं नाही. आणि मग तिनं हंबरडा फोडला. "माझा विनू गेला गं बाई! माझा विनू गेला!"

पडवीत सगळ्यांचे घास हातात राहिले. एक म्हातारे हळूच म्हणाले, "आबाराव, पोळ्या कुणी केल्या?" नजरा विहिरीकडे वळल्या. सुतकातल्या बाईच्या हातचं पुरण! एकेक जण पानावरून उठला. एक तर मोरीत जाऊन घशात बोटं घालू लागला. परवापासून मला ओकारी येत होती, आज त्यांची पाळी आली. मला हसू फुटलं. तोंडात पदर कोंबून हसले आणि मग रडले.

काका तरातरा विहिरीवर आले. "वहिनी, आमचं नाक कापलंत!"

आई ओलीचिंब उभी होती. म्हणाली, "भावजी, तुमचा मेला तो दर्भाचा होता. माझा हाडामांसाचा होता."

काका तसेच मागे वळले. ओसरीवर जाऊन बसलेत, अजून तिथेच आहेत.

दिवेलागण झाली आहे. आई माझ्या शेजारी भिंतीला टेकून रडतेय. मोठ्यानं रडतेय, आणि आळी ऐकतेय.

तर दादा, हे माझं वचन. तुझं सुतक आम्ही दोघी पुरं पाळू. आईला 'रडू नको' म्हणणारा काका असो की पाद्री, मी त्याला तिच्याजवळ फिरकू देणार नाही. आणि तुझा देव खरा निघाला, मीही एक दिवस उठून त्याच्या दारात उभी राहिले, तर आधी आईला आत घ्यायला सांगेन. तिला घेत नसतील, तर मीही उंबऱ्याबाहेर तिच्याजवळ बसेन. मग जेवायला तुलाच बाहेर यावं लागेल.

तुझी,
गोदू